शब्दांची पोच

"पिंग," विद्याधर मगदूम म्हणाले.

शैलजाला वाटलं, यंत्रच वाजलं. मिरजेच्या इस्पितळातल्या त्या खोलीत पलंगाभोवती इतकी यंत्रं होती, की कुठलं कधी वाजेल याचा नेम नव्हता. पण डॉ. नसीमा मुजावर हातातला टॅब खाली ठेवून विद्याधररावांकडे बघत राहिल्या होत्या. विद्याधररावांच्या सदऱ्याच्या कॉलरला बटणाएवढा स्पीकर लावलेला होता. आवाज तिथून आला होता आणि तो विद्याधररावांचाच होता, थोडा कोरडा, शेवटचं अक्षर जरा दाबून म्हणणारा. शैलजानं तो उन्हाळ्यापासून ऐकला नव्हता.

"पिंग म्हणजे काय हो?" तिनं विचारलं.

"ते मलाही नीट सांगता यायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण तुमचे मिस्टर बोलले, मॅडम."

विद्याधररावांना उन्हाळ्यात पक्षाघाताचा झटका आला होता. उजवा हात गेला, पाय अर्धा गेला आणि वाचा पूर्ण गेली. डोकं मात्र शाबूत होतं. समोरचा काय म्हणतोय ते त्यांना सगळं कळायचं, उत्तरही तयार असायचं, पण डोक्यातून तोंडापर्यंत जायची वाटच मोडली होती. तोंड उघडलं की नुसता घोगरा सूर निघायचा आणि ते चिडून मान फिरवायचे. दहा-वीस वर्षांपूर्वी अशा रोग्याला डॉक्टरांनी व्यायाम सांगून घरी पाठवलं असतं. आता 'सेतू' आला होता.

सेतू म्हणजे मलमलीसारखी पातळ जाळी. कवटीला लहानशी खिडकी पाडून ती मेंदूवर अंथरतात. एखादा शब्द बोलायचं मनात आलं, की ओठ हलायच्या आधीच मेंदूत विजेची एक ठरावीक लहर उठते. जाळी ती लहर टिपते, तिचे बारीक बारीक तुकडे करते आणि बिनतारी पद्धतीनं कॉलरमधल्या यंत्राकडे पाठवते. तिथं तुकडे परत जुळवून त्यांचा आवाज होतो. मोडलेला पूल तसाच राहतो, वाहतूक बाजूनं वळवली जाते.

अडचण एकच असते. प्रत्येकाच्या मेंदूतल्या लहरी वेगळ्या, त्यामुळे कुठली लहर म्हणजे कुठला शब्द हे यंत्राला शिकवावं लागतं. त्यासाठी त्या माणसानं आयुष्यभर पुन्हा पुन्हा, एकाच तऱ्हेनं म्हटलेलं काहीतरी लागतं. कुणाच्या बाबतीत ती आरती असते, कुणाच्या बाबतीत पाढे. विद्याधररावांनी सांगलीच्या तंत्रनिकेतनात सारी हयात एकच विषय शिकवला होता, कंप्युटरची जाळी. महासाथीच्या वर्षी त्यांनी घरात बसून सगळी लेक्चरं रेकॉर्ड केली होती, ती अजून जागेवर होती. डॉक्टरांनी तीच त्यांना ऐकवली आणि मनातल्या मनात बरोबर म्हणायला सांगितली. यंत्र त्यावरच शिकलं. त्यामुळे विद्याधररावांना वाचा आली ती त्या विषयापुरतीच आली.

पुढच्या आठवड्यात ते 'राउटर' म्हणाले, 'बँडविड्थ' म्हणाले, आणि 'लोकलहोस्ट' तर सारखंच म्हणायला लागले. शैलजाची पंचाईत झाली. ती खो-खोची कोच. तिच्या क्लबातल्या मुली राज्यस्तरावर खेळून आल्या होत्या. लग्न झाल्यापासून घरात दोन विषय सुखानं नांदत होते आणि एकानं दुसऱ्याच्या अंगणात पाय टाकायचा नाही असा अलिखित करार होता. त्यांनी सर्व्हरबद्दल बोलायला सुरुवात केली, की तिला कुकर बघायचा असायचा. तिनं सामन्याची गोष्ट काढली, की त्यांना पेपर तपासायचे असायचे. आता त्यांच्याजवळ फक्त त्यांचाच विषय उरला होता, म्हणून तिलाच कुंपण ओलांडणं भाग होतं.

तिनं डॉक्टरांकडून ती लेक्चरं मागून घेतली आणि इस्पितळाच्या व्हरांड्यात टॅब मांडीवर घेऊन बसली. पडद्यावर काळ्या मिशांचे, बाही दुमडलेले विद्याधर आले. मागं त्यांच्याच हॉलची भिंत आणि तिला टेकवलेला फळा दिसत होता.

"पिंग फार साधी गोष्ट आहे," ते सांगत होते. "एका कंप्युटरनं दुसऱ्याला हाक मारायची, आहेस का? त्यानं म्हणायचं, आहे. हाक जाऊन उत्तर यायला किती वेळ लागला तेवढं बघायचं. दुसरा कसलाही निरोप यात नसतो. आहेस का, एवढंच विचारायचं असतं."

शैलजानं टॅब बंद केला आणि खोलीत जाऊन त्यांच्या डाव्या हाताशी बसली.

"आहे," ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग कॉलरमधून आवाज आला, "पिंग."

"आहे की. इथंच आहे."

त्या दिवसापासून ती रीतसर विद्यार्थिनी झाली. पॅकेटचा धडा तिला चटकन कळला. मोठा निरोप जाळ्यातून अखंड जात नाही, त्याचे तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्यावर कुणाकडून, म्हणजे सोर्स, आणि कुणाला हे दोन पत्ते असतात, आणि कितवा तुकडा तो आकडा असतो. मधल्या राउटरला सगळा रस्ता ठाऊक नसतो. त्याला फक्त पुढचा एक मुक्काम कळतो. तो पॅकेट तिथं ढकलतो आणि मोकळा होतो. हे ऐकताना शैलजाला पाटीवर बसलेल्या आपल्या मुली दिसल्या. पळणारीनं खो दिला की बसलेली उठते, कुठून सुरू झालं आणि कुठं संपणार याचा विचार न करता पुढं धावते. इतकी वर्षं आपण दोघं एकच खेळ शिकवत होतो, असं तिच्या मनात आलं आणि तिला हसू फुटलं.

'लोकलहोस्ट'चा उलगडा मात्र तिला हलवून गेला. जगातल्या प्रत्येक कंप्युटरला बाहेरच्यांसाठी वेगवेगळा पत्ता असतो, पण एक पत्ता सगळ्यांचा सारखा असतो. एकशेसत्तावीस, शून्य, शून्य, एक. त्या पत्त्यावर काही पाठवलं तर ते बाहेर जातच नाही, फिरून स्वतःकडे येतं. त्याचंच नाव लोकलहोस्ट. "म्हणजे पोरांनो, आपलं घर," विद्याधर पडद्यावर म्हणाले.

ती तडक डॉक्टरांकडे गेली. त्यांना घरी जायचंय, म्हणाली. डॉक्टरांनी आणखी दोन आठवडे ठेवायचा विचार केला होता. शैलजानं त्यांना तेवढं रेकॉर्डिंग ऐकवलं. डॉक्टर मुजावरांनी ते ऐकलं आणि घरी जाण्याच्या कागदावर सही केली. तेव्हापासून त्याही लेक्चरं ऐकायला लागल्या.

घरी आल्यावर गंमत वाढली. भेटायला येणाऱ्यांची रांग लागली आणि तिसऱ्या पाहुण्यालाच कॉलर स्पष्ट म्हणाली, "फायरवॉल." नको त्याला आत न सोडणारी भिंत. पाहुण्यांना वाटलं सर आशीर्वाद देताहेत. शैलजानं चहा आवरता घेतला आणि त्यांना प्रेमानं दारापर्यंत सोडून आली. जेवताना घास जड झाला की ते 'बफर' म्हणायचे, म्हणजे साठलंय, जरा थांब. तिला ते 'गेटवे' म्हणू लागले. त्याचाही धडा होता. ज्या मशीनला बाहेरचा रस्ता माहीत नसतो, ते आपलं सगळं सामान गेटवेच्या हवाली करतं. बाहेर जाणारं तिथून जातं, आत येणारं तिथूनच येतं. हा धडा तिनं दोनदा ऐकला.

एका सकाळी ती केस विंचरत असताना मागून आवाज आला, "शैलजा ॲट मैदान."

कंगवा तिच्या हातातच राहिला. यंत्राला तिचं नाव आलं कुठून? नावं यायला अजून महिने लागतील असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. तिनं लेक्चरं धुंडाळली आणि इमेलच्या धड्यात तिला ते सापडलं. फळ्यावर विद्याधरांनी एक गोल वेटोळं काढलं होतं, पोटात 'ए' असलेलं. "हे चिन्ह म्हणजे ॲट. मराठीत म्हणायचं तर 'च्यापाशी'. डावीकडे माणूस, उजवीकडे त्याचा ठिकाणा. उदाहरणार्थ, शैलजा ॲट मैदान डॉट इन." पुढच्या धड्यात हॅशची खूण होती, तिथं शोधायचा विषय होता 'शैलजा'. त्याच्या पुढं तिरप्या रेघेचा धडा होता. पत्त्यातली प्रत्येक तिरपी रेघ म्हणजे एक दार, आणखी आत नेणारं. 'घर, रेघ, माडी, रेघ, शैलजाचे चषक' असं उदाहरण फळ्यावर होतं. वर्षानुवर्षं, शेकडो पोरांसमोर, त्यांना दुसरं नाव सुचलं नव्हतं. तिच्याजवळ त्यांनी यातलं अवाक्षर काढलं नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा ते खिडकीकडे बघत बसले होते.

"मैदानावर जाऊ म्हणताय?"

"ॲट मैदान," ते म्हणाले. झटका आल्यापासून शैलजानं क्लबाकडे पाऊल टाकलं नव्हतं. तिनं शेजारच्या काकूंना दोन तास बसायला सांगितलं, शिट्टी शोधली आणि गेली.

दिवाळीनंतर सेतूची नवी आवृत्ती आली. बनवणाऱ्या कंपनीनं तिला 'ओघ' असं नाव दिलं होतं. आतापर्यंत यंत्र एकेका शब्दाची वाट बघायचं. ओघ वाट बघत नसे. पहिला शब्द मिळाला, की हा माणूस पुढं काय म्हणेल याचा अंदाज बांधून तो वाक्य पुरं करायचा. मनातून नकाराची लहर आली तरच थांबायचा.

मुलगी तेजल त्याच सुमारास पुण्याहून आली. ती एका बँकेच्या संगणक सुरक्षेचं काम बघायची. डॉक्टरांच्या खोलीत ओघ चाचणीपुरता सुरू केला आणि तिच्यासमोर वडील घडाघडा बोलले. प्रवास कसा झाला विचारलं, काम फार करू नकोस म्हणाले, मला तुझा अभिमान वाटतो म्हणाले. तेजल त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. शैलजाही रडली, पण रडता रडता तिला काहीतरी खुपायला लागलं. विद्याधर मगदूमांनी आजवर कुणाला अभिमान वाटतो असं सांगितलं नव्हतं. फार आनंद झाला की ते 'बरं आहे' म्हणायचे.

निर्णय लवकर घ्यायचा होता आणि तो परत फिरवता येण्यासारखा नव्हता. डॉक्टर मुजावरांनी आडपडदा न ठेवता कारण सांगितलं. आता एकेक शब्द ओढून आणताना मेंदू स्वतः नव्या वाटा पाडत होता. गेल्या महिन्यात त्यांना विषयाबाहेरचे आठ-दहा शब्द आले ते त्यामुळेच. ओघ कायमचा सुरू झाला, की मेंदूला कष्टाचं कारण उरणार नाही आणि त्या कोवळ्या वाटा मिटतील. उलट ओघ नको म्हटलं, तर बोलणं वर्षानुवर्षं असंच तुटक राहील, कदाचित कायमचंच.

"पप्पांनाच विचारू," तेजल म्हणाली, आणि ओघ चालू असतानाच विचारलं.

"हो, मला हीच पद्धत हवी आहे. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार," कॉलर म्हणाली.

तेजलनं आईकडे बघितलं, झालं ना, अशा नजरेनं. शैलजानं डॉक्टरांना विचारलं, की या वाक्यात यांचं किती आणि यंत्राचं किती? डॉक्टरांनी टॅबवर बघितलं. 'हो' त्यांचा असावा, म्हणाल्या. बाकीचा अंदाज. त्यांनी अडवलं नाही म्हणून पुढं गेला, पण अडवायलाही त्यांना वेळ लागतो.

मायलेकींचा तिथंच वाद झाला. तेजलचं म्हणणं होतं की आई हट्ट करतेय, माणूस गप्प बसून कुढण्यापेक्षा अंदाजानं का होईना बोलू दे, आपण सगळेच बोलताना अर्धं ठरावीकच बोलतो. तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

"ओघ बंद करा," शैलजा शेवटी डॉक्टरांना म्हणाली. "मला हँडशेक करायचाय."

तेजल चमकली. हा शब्द आईच्या तोंडी यावा याचंच तिला नवल वाटलं. दोन कंप्युटर महत्त्वाचं बोलणार असतील, तर आधी तीन पायऱ्यांचं हस्तांदोलन करतात. पहिला आपला एक आकडा पाठवतो. दुसरा त्यात एक मिळवून परत करतो, ती झाली पोच, आणि सोबत आपला आकडा देतो. पहिला त्यात एक मिळवून धाडतो. तिन्ही पायऱ्या झाल्या, की दोघांनाही खात्री पटते, तू मला ऐकतोयस आणि तुला कळलंय की मीही ऐकतोय. त्यानंतरच खरं बोलणं सुरू होतं.

शैलजानं खुर्ची त्यांच्यासमोर ओढली. "चाळीस," ती म्हणाली.

विद्याधररावांच्या कपाळाची शीर वर आली. एरवी तेजलनं त्यांच्या वतीनं काहीतरी बोलून टाकलं असतं, पण आईच्या चेहऱ्याकडे बघून ती गप्प राहिली.

"एक्के... चाळीस," कॉलर म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, "सात."

"आठ," शैलजा म्हणाली. "आता सांगा. ओघ हवा का?"

यावेळी इतका वेळ गेला, की डॉक्टरांनी त्यांची नाडी बघितली. विद्याधरराव तेजलकडे बघत होते. त्या नजरेत माया होती आणि थोडी दिलगिरीही होती.

"स्पूफिंग," ते म्हणाले.

शैलजाचा तो धडा अजून झाला नव्हता. तिनं मुलीकडे पाहिलं. तेजल खाली मान घालून उभी होती. हा शब्द तिच्या रोजच्या कामातला.

"पॅकेटवर पाठवणाऱ्याचा खोटा पत्ता घालतात ना, आई," ती हळू म्हणाली. "पाठवतो एक, आणि नाव दुसऱ्याचं. त्याला म्हणतात." थोड्या वेळानं ती त्यांच्याजवळ गेली. "पप्पा, पण मग तुम्ही आमच्याशी बोलणार कसं? माझ्याकडे सुट्टी किती असते, तुम्हाला माहितीये."

"लॉस... चालेल," विद्याधरराव म्हणाले. काही तुकडे वाटेत हरवले तरी चालतील. श्वास घेऊन त्यांनी पुढचे शब्द ओढून आणले. "सोर्स... मी."

डॉक्टर मुजावरांनी चाचणीचा करार टॅबवरून पुसून टाकला. कंपनीला काय कळवायचं ते मी बघते, म्हणाल्या. तेजलनं वडिलांचा डावा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. त्या हातानं तिची बोटं घट्ट दाबली, आणि मला अभिमान वाटतो हे वाक्य ऐकताना तिला जे मिळालं होतं त्याहून जास्त काहीतरी मिळालं, असं ती नंतर आईला म्हणाली.

वाट सोपी नव्हती. हिवाळाभर विद्याधरराव रोज सकाळी बसून शब्द ओढत राहिले. कधी चार दिवसांत एकही नवा शब्द यायचा नाही, कधी एका बैठकीत तीन यायचे. 'मीठ' आला, 'पाय' आला, 'नको' आला. 'नको' आल्यावर त्यांनी तो इतका वापरला, की शैलजा वैतागली. तंत्रनिकेतनातल्या मास्तरांनी त्यांना एक तास घ्यायला बोलावलं. नेहमी वीस मिनिटांत संपणारा धडा त्यांनी दोन तासांत सांगितला. दोन शब्दांच्या मध्ये वर्गात पंख्याचा आवाज ऐकू येई, आणि एकही पोर जागचं उठलं नाही. तास संपल्यावर ती पोरं त्यांच्या खुर्चीभोवती कोंडाळं करून उभी राहिली आणि एकेक प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत राहिली. दाराशी उभी असलेली शैलजा ते बघत होती. या माणसाचं काम आपण इतकी वर्षं लांबून ऐकलं, आज जवळून पाहिलं, असं तिला वाटलं. तेजलनंही पुण्याहून रोज संध्याकाळी फोन करायचा परिपाठ ठेवला. अर्ध्या तासात वडिलांची दोन वाक्यं यायची. ती थांबायला शिकली.

मार्चमध्ये जिल्ह्याची अंतिम लढत होती. शैलजाचा क्लब शेवटच्या डावात एका गुणानं मागं होता. विद्याधररावांची चाकाची खुर्ची खांबापासून जवळच, सावलीत ठेवली होती. तिची सगळ्यात चपळ मुलगी पाठलागावर होती आणि तिनं समोरच्या धावणारीला अगदी हाताच्या अंतरावर गाठलं, तेवढ्यात पंचाची शिट्टी वाजली. मुलीनं दिशा बदलली, फाऊल. शैलजा उसळून उठली. दिशा बदललेली नाही, नुसता खांदा वळला, तिनं पंचाला ठणकावून सांगितलं. दोन्हीकडच्या मुली गोळा झाल्या.

"शैलजा," मागून आवाज आला.

ती वळली. विद्याधररावांची शीर वर आली होती. ओळखीचा तो प्रयत्न बघून पंचानंही हात वर करून खेळ थांबवला. सगळे थांबले. मैदानाच्या कडेला चणे-फुटाणे विकणारासुद्धा बघत राहिला.

"फाऊल," ते म्हणाले. आणि बऱ्याच वेळानं, "होता."

मुली फिसकन हसल्या. शैलजाच्या कानशिलापर्यंत राग चढला, आणि त्या रागाच्या तळाशी कुठूनतरी असा आनंद फुटला, की तिला हात कमरेवर ठेवून श्वास घ्यावा लागला. 'फाऊल' हा शब्द लेक्चरातला नव्हता. तिला बरं वाटावं म्हणून तर तो मुळीच नव्हता.

"तुम्हाला तिथनं बसून काय दिसतंय?" ती म्हणाली. "खांदा वळला की पाय वळला?"

विद्याधररावांनी तोंड उघडलं आणि उत्तर जुळवायला घेतलं. पंचानं खेळ सुरू करायची खूण केली, मुली जागेवर धावल्या. शैलजा मात्र मैदानाकडे पाठ करून उभी राहिली. आपल्याला काय म्हणायचंय ते तिचं तयार होतं, पण आधी त्यांचं पुरं होऊ द्यायचं होतं.